तीनशे तेरा

धुळ्याच्या निवाऱ्यातून आणली तेव्हा
एसटीत मांडीवर टोपली,
टोपलीवर जुनी लुंगी करकचून बांधलेली
आणि आत कुणी नसल्यासारखं वजन.
कंडक्टरनं विचारलं, कोंबडी का?
म्हटलं, मांजर.
तो वाकून ऐकायला लागला. आवाज नाही.
माझ्याकडे बघून पुढे गेला.

निवाऱ्यातली पोरगी, तेजल अत्तरदे,
फाटकापर्यंत सांगत आली होती:
काका, तिच्याकडे बघायचं नाही.
दिसली तरी दिसली नाही असं करायचं.
नजरेला नजर झालीच, तर डोळे सावकाश मिटा.
मी कूलर दुरुस्त करणारा माणूस.
बिघाड दिसला की हात घालायची सवय.

घरी गाठ सोडली.
एक राखी रेघ खोलीभर ओढली गेली
आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या बॉडीत संपली,
जिची मोटर मी दोन वर्षांपूर्वीच विकून खाल्ली.

वैशाखातलं अमळनेर.
हापशीच्या दांड्याला फडकं गुंडाळावं लागतं.
दिवसभर फोन: पंप बंद, हवा गरम येते, लवकर या.
आणि रात्री माझा कूलर घरघरला
की त्या पत्र्यावर आतून
नखं.
चौथ्या रात्री प्लगच काढून ठेवला.
ओली चादर पांघरून पडलो,
सबंध आळीत घामानं निथळणारा एकच माणूस,
तोही कूलरवाला.

शेजारच्या रुखमाबाई खिडकीतून डोकावल्या:
"मांजर शे का भूत शे, भो? दिसस तं नही."
नव्हतीच दिसत. नुसते पुरावे.
सकाळी चाटून लख्ख केलेली ताटली.
बोरीच्या कोरड्या पात्रातली वाळू आणून ठेवली होती,
तिच्यात एक खड्डा,
इतका नीट बुजवलेला, की मलाच लाज वाटली
माझ्या पसाऱ्याची.

मग मी तिच्याकडे पाठ करून बसायला लागलो.
बोलायला काही सुचेना,
म्हणून मोटरचे वेढे मोठ्यानं मोजायचो.
एकशे दहा. एकशे अकरा.
तार संपली की नवी मोटर, पुन्हा एकपासून.
असं किती रात्री.
आकड्यांना कुणी घाबरत नाही बहुतेक.

अकराव्या रात्री
तीनशे बारा म्हणालो,
तीनशे तेरा म्हणालो,
आणि मागे जमिनीवर लोळणारी तांब्याची तार
जराशी ओढली गेली.
थांबली.
पुन्हा ओढली गेली.

वळलो नाही.
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत
डोळे सावकाश मिटले,
ते तिला दिसणारही नव्हते.
तीनशे तेरा, म्हणालो.
तीनशे तेरा.
चौदाला हात हलवावा लागला असता.

मोटर स्टॅंडजवळच्या हॉटेलवाल्याची होती,
सकाळी आठला द्यायची.
त्याला सांगितलं, आज नाही जमलं.
काय झालं, म्हणे.
म्हटलं, मोजताना चुकलो.