शितांनी चिकटवलेलं पान

गणपत गल्लीतल्या दुकानात मी
पहिलं पान बघत नाही, चाळिसावं वाचते.
सहावीची पोरं सोडतात ती तिथंच.

हजार रुपये. खानापूरची बस सव्वासहाला.
शेवटी पोरगा शहाणा होतो ती बाजूला ठेवली.
सुट्टीत मामाच्या गावाला जाणारीही.
आमच्या पोरांचे मामा गोव्यात, सेंट्रिंगवर.

"कादंबरी बेकू?" मागून कुणी विचारलं दुकानदाराला.
आम्ही दोघांनीही वळून बघितलं.
शब्द तोच.

मग हाती आली कुत्रं मरणारी.
गेल्या साली अशीच एक नेली होती.
नागरत्ना बिर्जेनं परत दिली
तेव्हा शेवटची दोन पानं
भाताच्या शितांनी चिकटवलेली.
"का गं?"
"आता भरमू नेणार न्हवं.
त्येचं कुत्रं म्हातारं झालंय."

भरमूनं चहाच्या वाफेवर धरून
पानं सोडवली, वाचली,
आणि चिकटवून दिली पुढं.
त्या पुस्तकाला अजून
भाताचा, चहाचा वास येतो.
कुणी कुणी उघडलं, विचारलं नाही.

"ही घ्या," म्हटलं, "आणि ती भुताची."
दुकानदार पिशवी बांधत म्हणाला,
"कव्हरं घालायला डिंक देऊ, बाई?"

नको.
शाळेत रोज भात शिजतो.