दाराआडची फरशी

गिऱ्हाईक आलं दत्तनगरातून.
बसलं, तांब्याभर पाणी प्यालं,
खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला:
अण्णा, अस्संच पाहिजे.
जमेल का तुम्हाला?

मी चष्मा पुसला.
फोटोत होती जुळे सोलापुरातली,
हत्तरकीबाईंच्या देवघरापुढची जमीन.
शहाबादीत कडप्प्याची नक्षी, चादरीच्या काठासारखी,
दर चौथ्या घराला एक पायरी चढत गेलेली.
सोळा दिवस. एप्रिलातले. गुडघ्यांवर.

खाली नाव होतं पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं,
इंग्रजीत, बारीक, सोनेरी.
त्यांचा रेट डबल आहे, गिऱ्हाईक म्हणालं,
पण फिनिशिंग बघा की त्यांचं.

बघितलं.
म्हटलं, हो. हात चांगलाय.

फोटो श्रीवाणीनं काढला होता, उलट्या घमेल्यावर उभं राहून.
उजव्या कोपऱ्यात माझी बादली होती,
बादलीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं येमूल, आणि एक स्लीपर.
त्यांनी नेमकं तेवढंच छाटलं.
छाटताना काठाची दीड इंच पट्टी पण गेली,
नक्षी मधेच लंगडी झाली.
आम्ही असं कापत नाही.

वडील मागावर होते, साखर पेठेत.
चादरीच्या कोपऱ्यात नाव विणायचे, ते मालकाचं.
पण मालक शनिवारी पगार द्यायचा.

कन्ना चौकात चहाला हा विषय काढला
तर जो तो आपला मोबाईल काढायला लागला.
रझाक नदाफचं पीओपीचं छत नागपुरात निघालं.
मल्लू वेल्डरचं गेट कुणी न उचलता हैदराबादला पोचलं.
का बे, गेटलाच कुलूप नव्हतं काय, नदाफ म्हणाला,
आणि आम्ही इतके हसलो
की चहावाल्यानं बिस्किटांचे पैसे धरले नाहीत.

श्रीवाणीनं मग फोटोंवर आडवं नाव टाकून बघितलं.
ओल्या सिमेंटवरून कुणी चालत गेल्यासारखं दिसत होतं.
मीच म्हटलं, काढ ते.

तक्रारीचा फॉर्म पण भरायला घेतला तिनं.
पहिलाच प्रश्न:
या कामाचे मालक तुम्ही आहात का? हो. नाही.
काम माझं.
जमीन हत्तरकीबाईंची.
दगड शहाबादच्या खाणीतला.
फोटो पोरीचा, नक्षी बापाच्या चादरीवरनं घेतलेली.
बोट तसंच काचेवर अधांतरी राहिलं,
आणि स्क्रीन आपोआप विझली.

गिऱ्हाइकाला म्हटलं, चला, गाडीवर बसा.
सात रस्त्यावरनं गेलो, भर दुपारी,
सीट तापून तव्यासारखी.
हत्तरकीबाईंनी दार उघडलं, ताक आणलं,
आणि गिऱ्हाईक फोटो पुढं धरून
एकदा जमिनीकडं बघायचं, एकदा मोबाईलकडं,
लग्नात हरवलेला पाहुणा ओळखावा तसं.

मी देवघराचं दार लोटून घेतलं.
दाराआड, दार उघडं असलं की झाकली जाते ती फरशी,
तिथं माल कमी पडला होता.
दोन तुकडे जोडून एक केलेत.
म्हटलं, सांधा शोधा.
ते उकिडवं बसलं, बोट फिरवलं,
नखानं बघितलं, चष्मा वर करून बघितलं.
मग मीच त्याचं बोट धरून सांध्यावर ठेवलं.

हे फोटोत नाही, ते हळूच म्हणालं.
नाही.
थोडा वेळ गप्प बसलं. ताक संपवलं.
म्हणजे डबल द्यायची गरज नाही, असंच ना?

सोमवारपासून काम धरलंय.
दगड उतरला, सुतळ ओढून झाली.
श्रीवाणीला सांगितलंय, फोटो काढ, काढू नको असं नाही.
बादली हलवू नको.
आणि दार उघडं ठेव.