हद्दवाढ

कात्रजच्या जुन्या बोगद्यावरून चढताना
छातीवर क्रमांक होता दोनशे एकोणीस.
मी मिळकतकर खात्यात आहे, सव्वीस वर्षं.
कुठलं गाव हद्दीत आलं, कुठलं अजून बाहेर,
कुणाच्या घराला कर लागू, कुणाच्या गोठ्याला नाही,
झोपेतून उठवून विचारा.

पहिल्या पाच टेकड्या मी धावले.
धावले हा शब्द इथं जरा सैल वापरतेय.
सपाटीला धावले, चढाला गुडघ्यांवर हात टेकून ओणवी,
उताराला मुरूम सुटला की सरळ बसून घसरले.
ढमढेरे पुढे. वय बासष्ट, बस चालवून निवृत्त,
वळणावर अजून हात बाहेर काढतात.

उजवीकडे शहर सांडलेलं,
डावीकडे साताऱ्याकडं जाणारे ट्रक,
समोर सिंहगडाच्या मनोऱ्याचा लाल दिवा.
सातव्या टेकडीवरून तो जेवढा लांब होता
तेवढाच नवव्या टेकडीवरून.

तिथंच पोटरी धरली.
गोळा लिंबाएवढा, मग मोसंबीएवढा.
गवतात आडवी झाले, कपाळावरची बॅटरी आभाळाकडं.
मीठ चाटलं.
राजगिऱ्याचा लाडू तोंडात फिरत राहिला, गिळवेना.

जाहीर सूचना लागल्यासारख्या
हरकती येऊ लागल्या एकेक:
वय एकोणपन्नास.
डाव्या गुडघ्याचा एमआरआय, साड्यांखाली ठेवलेला.
सोमवारी लेखापरीक्षण.
या सगळ्यांना उत्तरं होती माझ्याकडं.
मग एक आली, नाव नाही, सही नाही:
कुणाला दाखवायला आलीस?
हिला मी आवक क्रमांकच दिला नाही.

हद्दीचं मला थोडं कळतं.
नकाशावर रेघ सरकते, रातोरात गाव शहर होतं,
नळ मात्र दहा वर्षांनी. तोवर टँकर.
मीही अशीच सरकवली होती रेघ,
आधी पर्वतीच्या पायऱ्या, मग वेताळ टेकडी,
मग एकदम इथवर, स्वतःच मंजुरी देऊन.
पाणी पोचतंय का, बघितलं नव्हतं.

शेवटच्यांना गोळा करत येणारी मुलगी आली, रुक्साना.
जमेल म्हणाली नाही, सोडा म्हणाली नाही.
"खिंडीतून एक वाट गावात उतरते, ताई.
तिथवर चला. मग ठरवा."
तिथवर म्हणजे सातशे पावलं.
मी मोजली. चारशेनंतर आकडे उलटे मोजले,
कारण पुढचा आकडा आठवेना.

खिंडीत मी ठरवलं नाही काही.
पाय डावीकडं वळले, उताराला,
आणि मी त्यांच्यामागून गेले.
रुक्सानाच्या वहीत थांबल्याची वेळ लिहिली,
खाली सही, सहीखाली तारीख.
सवय.

गावात उजाडत होतं.
ओट्यावर एकजण मिश्री लावत बसलेला.
माझ्याकडं बघितलं, क्रमांकाकडं बघितलं,
काही न विचारता निळ्या पिंपात तांब्या बुडवला.
"गाव हद्दीत आलंय ना?" मी विचारलं.
"कागदावर आलंय."
टँकर आठवड्यातून दोनदा, तेही तो म्हणाला.

मी अर्धा तांब्या प्याले आणि थांबले.
तो तांब्या परत घेईना.
मग उरलेलंही प्याले,
उभ्यानं,
पोटरी अजून आतून उडत होती.