रविवारी संध्याकाळी बंद

पाटीवर लिहिलंय तसंच :
रविवारी संध्याकाळी मेस बंद.
म्हणजे पोरांची. माझी नाही.

भट्टी गार व्हायला साडेतीन वाजतात.
मग ओट्यावर पेपर अंथरून
बिडाच्या तिन्ही जाळ्या उतरवते, तिन्ही बर्नर,
खाली छोट्या जाहिराती : क्लासेस, कॉट बेसिस, क्लासेस.
उतू गेलेल्या आमटीचा कोळसा झालाय.
उलथन्याच्या टोकानं खरवडायचा,
मग तारेचा ब्रश, कोरडा.
पाणी नाही.

पाण्याची गोष्ट तेजेरावची.
हिंगोलीकडचा, दोन वर्षं माझ्याकडे जेवला.
एका रविवारी मी गेले दाढ काढायला,
आणि यानं, मावशीला तेवढीच मदत म्हणून,
सगळं बीड बादलीत बुडवलं.
कपड्यांची पावडर, वर दोन लिंबं,
रात्रभर.
सकाळी बादलीत चहा.
जाळ्या केशरी, बोट लावावं तर बोटही.
पोरगं दारात असं उभं
जणू यादीत नाव नाही.

बोहरी आळीत नेलं दोघांना,
त्याला आणि बर्नरला.
जुजरभाईंनी चष्मा कपाळावर सारला,
आधी गंजाकडे पाहिलं, मग याच्याकडे.
"बिडाकडे पाणी यावं ते पाहुण्यासारखं,
उभ्या उभ्या आलं, निघालं.
फडक्यानं पुसलं तरी आत दडून राहतं,
जाळावर धरा.
वाफ थांबली की तेल.
आणि तेल असं पुसून काढा
जणू चुकून लागलं होतं."
ब्रशचे चाळीस घेतले. बोलण्याचे काही नाही.

सोमवारी तो अभ्यासिकेत गेलाच नाही.
मागच्या मोरीत बसून घासत राहिला,
नखांत तांबडं घेऊन जेवला,
आणि ताक मागितलं नाही, रोज मागायचा.

पुढे दोन मार्कांनी गेलं त्याचं.
आता गावात सेतू केंद्र चालवतो, दाखले काढून देतो.
फोन करतो दिवाळीत.
"मावशी, सुकवता ना?"
सुकवते रे.

शेंगदाण्याचं तेल, चिंधीचा एक कोपरा,
लावते आणि पुसते, लावते आणि पुसते.
टाचणीनं भोकं मोकळी करते, बाहेरच्या कड्यात छत्तीस.
पस्तीस.
एक त्या रात्री बुजलं ते बुजलंच.
पेटवल्यावर निळ्या कड्यात तेवढी फट दिसते,
माझ्या दाढेच्या जागेसारखी.

गॅसवाला म्हणतो, बदला की, पाचशेचा तर येतो.
भाकरी त्या बाजूला जरा कच्ची राहते,
फिरवावी लागते.
फिरवते.