हाउएव्हर

ग्रिम्सबीत, मासळीच्या कारखान्यामागे,
मंगळवारी सहाला वर्ग भरतो.
ब्रॅकनबरी बाई फळ्यावर लिहितात :
आय टेक युअर पॉइंट.
सेमहार विचारते, घेतला, मग ठेवायचा कुठे?
दाइवा खिदळते. तिच्या बोटांना अजून हॅडकचा वास.

कुठेच नाही, बाई म्हणतात. हातात घ्यायचा,
वजन बघायचं, मग म्हणायचं : हाउएव्हर.

सेमहारच्या गावी वाद घालण्याआधी
कॉफी लागते, तीन वेळा उकळलेली.
इथे नुसता स्वल्पविराम.

शुक्रवारी घरमालकाचा माणूस आला.
भिंतीवरची काळी बुरशी बघून म्हणाला,
तुम्ही फार शिजवता हो, वाफ धरते.

तिने मुद्दा घेतला. तोलला.
अगदीच हलका नव्हता.
"हाउएव्हर," ती म्हणाली,
आणि पुढचे सगळे शब्द पळाले.

तो मात्र थांबला, पेनचं टोपण हातात धरून.
या शब्दामागून काहीतरी येतंच,
हे तो आईच्या मांडीवर शिकला होता.

तिने पलंग ओढला.
बाळाच्या उशीच्या उंचीवर
भिंत घामेजलेली.
मग बोटाने दाखवलं त्याला स्वयंपाकघर,
सहा बिऱ्हाडांत एक,
दोन मजले खाली.