मानपत्राचा मसुदा

कार्यवाह म्हणाले, केळुसकर बाई, तुमचं अक्षर बरं आहे,
मानपत्र तुम्हीच लिहा.
आणि डॉक्टर हेमांगी मोचेमाडकरांच्या निबंधांची यादी
पुठ्ठ्याच्या फायलीत घालून दिली.
एकोणतीस पानं, पाठपोट.

दुपारी वाचनालयात कोणी नसतं.
बंदराकडून खारा वारा येतो,
जुन्या दिवाळी अंकांची पानं आपसूक उलटतात.
मी बोट ठेवून मोजते. एकशे त्रेचाळीस.
पेशी, उंदीर, आतडं, पुन्हा पेशी.
पुष्कळ शीर्षकांतली मला फक्त अव्ययं कळतात.

शेवटी एक आकडा : एच-निर्देशांक अठ्ठावन्न.
भाच्याला फोन लावला. तो म्हणाला,
अठ्ठावन्न निबंध असे, की प्रत्येकाचं नाव
दुसऱ्यांनी निदान अठ्ठावन्न वेळा घेतलंय.
म्हणजे आपल्या लिलावातल्यासारखंच की.
एक सुरमई हातभर लांब निघाली म्हणून
टोपलीतल्या बांगड्यांची लांबी वाढत नाही.

त्यात परदेशी मासिकांनी
मोचेमाडकरचे तीन स्पेलिंग केले.
कित्येक वर्षं मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी
ती तीन निरनिराळ्या बायका होती.
एकीला बॉस्टनमध्ये मान,
एकीचं नाव जपानात चालायचं,
तिसरीला कोणी विचारत नव्हतं.

तिसरीच्या नावावर एकच निबंध.
एकोणीसशे एक्याण्णव, एका त्रैमासिकात, जे पुढे बंद पडलं.
काजू कारखान्यातल्या बेचाळीस स्त्रियांचे हात.

त्यातली एकोणिसावी मी.

सुट्टीत आली होती, स्टीलचा डबा घेऊन,
कारखान्याच्या पडवीत गोणपाटावर बसली.
आम्ही बोटांना राख चोपडून बिया फोडायचो,
तरी टरफलाचं तेल कातडी सोलायचंच.
तिने मनगटाच्या आत एक थेंब लावला, वर पट्टी,
आणि दोन दिवसांनी बघायला परत आली.
माझा हात टरारून फुगलेला.
शेजारच्या शेवंतीमावशीचा स्वच्छ,
जशी काही रात्रभर फणसाची भाजी चिरत होती.

हेमांगी विचारत राहिली, कातडी कधीपासून गप्प झाली?
लहानपणी आंबा सालासकट खायचात का?
शेवंतीमावशी हसली :
"गर भावांका, साल आमकां.
तुका म्हायत नाय, बाय?"
तिने ते वहीत लिहून घेतलं.
तसंच लिहिलं की इंग्रजीत फिरवून, देव जाणे.

सात उल्लेख. तीस-बत्तीस वर्षांत सात.
पाच तिचेच.
भाचा म्हणाला, स्वतःचे उल्लेख वजा करतात,
नाहीतर कोणीही आपलीच आरती ओवाळील.
असेल.
पण मी पानं उलटून पाहिली : उंदरांवरच्या कामात,
सहनशीलतेवरच्या त्या गाजलेल्या निबंधात,
गेल्या वर्षीच्याही,
खालच्या संदर्भांत पहिला क्रमांक तोच.
वीस देशांतले लोक गाजलेल्याचं नाव घेतात.
त्याच्याखाली आमची पडवी आहे
हे कोण कशाला वाकून बघेल?

संध्याकाळी शेवंतीमावशीकडे गेले.
आता दिसत नाही तिला. यादीवर हात फिरवत म्हणाली,
"माझो हात खंयच्या पानार?"
मी म्हटलं, नाव नाही गो, तू टक्क्यांत आहेस.
"कितक्या टक्क्यांत?"
सव्वीस.
खूश झाली. शाळेत तिला एवढे कधी पडले नव्हते.

फ्रेमवाला सांगतो, दीडशे शब्दांच्या वर काच बसत नाही.
"जागतिक कीर्तीच्या" लिहिलं, ठेवलं.
"कोकणच्या सुकन्या" खोडलं.
मग दोन पुरस्कारांना चाट देऊन
त्या बंद पडलेल्या त्रैमासिकाचं नाव
वर्षासकट, पानांसकट घातलं.

आठवा उल्लेख.
कुठल्या यंत्रात तो यायचा नाही.
आणि खाली सही माझी नाही, कार्यवाहांची.