तीन वाजताचे लोक

पुंता अरेनासला वारा सुटला
की रस्त्याच्या कडेनं दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
एलिसेओच्या घरात सध्या तसा एकच दोर आहे:
ओयार्सूननं दिलेलं पुस्तक.
मुखपृष्ठ गेलेलं, कडांना ग्रीस,
बत्तीस आणि तेहेतीस ही पानं
कुठल्या तरी जुन्या खिमटानं कायमची चिकटलेली.
"वाच," ओयार्सून म्हणाला होता बंदरात,
टगबोटीच्या इंजिनात अर्धा वाकून,
"उपयोग शून्य. पण वाच."

मुलगी एकोणीस दिवसांची.
पालथी, बापाच्या छातीवर,
भट्टीतून आत्ता काढलेल्या पावासारखी गरम.
खाली ठेवलं की रडायचं,
एवढा एक नियम तिनं
बाकी काही शिकायच्या आधी पक्का करून टाकलाय.
म्हणून तो खुर्चीत, ती त्याच्यावर,
आणि पुस्तक एका हातात, दिव्याकडे तिरकं.

प्रकरण पहिलं: झोप.
पान कोरं.
तळाशी बारीक अक्षरांत टीप:
या विषयाचा लेखकाला अनुभव नाही.

एलिसेओनं ओठ आवळले.

प्रकरण दुसरं: कपडे.
बाळाला दोनच हात असतात
ही समजूत अंगडं घालेपर्यंत टिकते.

नाकातून थोडी हवा निसटली.
टाळूवरचं जावळ हललं.

मग चेहरेपट्टी.
कुणावर गेलंय, यावरून भांडू नका.
पहिला महिनाभर प्रत्येक बाळ
निवृत्त न्यायाधीशावर गेलेलं असतं.
त्यानं हनुवटी दाबून खाली पाहिलं.
न्यायाधीशबाईंनी झोपेतसुद्धा
निकाल राखून ठेवला होता.

आणि पान एकेचाळीस:
रात्री तीनला गावात दोनच जातीचे लोक जागे असतात,
चोर आणि बाप.
चोराला निदान घर निवडता येतं.

झालं.
आवाज काढायची तर सोय नाही.
हसू पोटातून उठलं, बरगड्यांवर आपटलं,
दार सापडेना म्हणून डोळ्यांतून गळायला लागलं.

रोसाल्बा भिंत धरत दारापर्यंत आली,
टाके अजून ओढतात.
तिला दिसले नवऱ्याचे गदगदणारे खांदे तेवढे.
"रडतोयस?" तिनं हळूच विचारलं.
त्यानं मान हलवली, पान पुढं केलं.
तिनं वाचलं. परत वाचलं.
"यात विनोदी काय आहे?
खरंच आहे हे.
फक्त तिसरी जात लिहायची राहिली,"
म्हणाली, आणि गेली झोपायला.

त्यावर तो पुन्हा फुटला, आवाजाविना,
आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं:
धक्क्याला बांधलेल्या बोटीचं इंजिन रिकामं फिरतं
तेव्हा सगळा सांगाडा जसा बारीक थरथरतो,
तशी त्याची छाती थरथरतेय,
आणि वर मुलगी गाढ.
मूठसुद्धा सुटलेली.
एकोणीस दिवसांत पहिल्यांदा.

असा तो सातव्या प्रकरणापर्यंत हसत गेला.
आठव्यात विनोदच नव्हता.
धाकटी गेल्या आठवड्यात घर सोडून गेली,
एवढंच लिहिलं होतं,
आता तीन वाजता मी उगाचच जागा असतो.

इंजिन थांबलं.
छातीवर हालचाल,
कपाळावर आठी,
ओठ रडण्याच्या तयारीत गोळा.
एलिसेओ अंगठ्यानं पानं मागं ढकलत
घाईघाईनं एकेचाळीसवर आला.
चोर आणि बाप. चोर आणि बाप.
छे. हसू येईना.
मग खोटंच हसला, नुसतं पोट हलवून.
न्यायाधीशबाईंनी एक डोळा उघडला:
पुरावा अमान्य.

बाहेर कुणीतरी कडी हलवली.
वाराच, दुसरं कोण.
"चोर असशील तर ये बाबा आत,"
एलिसेओ दाराकडे बघत पुटपुटला,
"जरा धर हिला.
मला पान उलटायचंय."